पान ९, शेवटची चौकट

"उभी, अरुंद चौकट. पानाच्या उजव्या कडेला, वरपासून खालपर्यंत. वर पेवाचं तोंड, जेमतेम एक माणूस उतरेल एवढं. बाळू जमिनीवर पालथा पडून आत बघतोय, दोन्ही हातांनी काठ धरलेला. त्याच्या खाली सगळा अंधार. आणि अंधाराच्या तळाशी, पार खाली, कंदिलाचा एक पिवळा ठिपका. दोर ताणलेला नाही, सैल आहे. बाळूचा चेहरा दिसायची गरज नाही. फुगा, बाळू: आबा?"

मागच्या मंगळवारी रात्री चित्रकथेतल्या एका चौकटीचं हे वर्णन लिहून झालं. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. पन्नासेक शब्द आहेत. वाचकापर्यंत त्यातला एकच जाणार: "आबा?" बाकीचे सगळे शब्द तासगावात राहणाऱ्या एका माणसासाठी आहेत. ते वाचतील, चित्र काढतील आणि त्या शब्दांचं काम तिथंच संपेल.

सव्वीस वर्षं झाली, मी चित्रकथा लिहिते. चित्रं काढत नाही, फक्त लिहिते. सांगलीत हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे त्या फुग्यातली वाक्यं तुमची?" ती माझीच असतात, पण ती कामाचा सगळ्यात छोटा भाग. कोणती गोष्ट कुठल्या क्षणाला दाखवायची, कुठला क्षण दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत टाकून द्यायचा, पान कुठं उलटायचं, हे सगळं लिहिणाऱ्यानं ठरवायचं असतं. आणि ते ठरवलंय हे वाचणाऱ्याला कळताही कामा नये.

मला या कामाकडे ओढलं ते वेताळानं, म्हणजे कॉमिक्समधल्या 'फँटम'नं. ८०च्या दशकात हरभट रोडच्या एका बोळात पानपट्टीला लागून एक फळकूट होतं, तिथं दोरीवर इंद्रजाल कॉमिक्स लटकवलेली असायची. चार आणे भाडं, तिथंच उभं राहून वाचायचं, घरी न्यायचं तर आठ आणे. वेताळ, मँड्रेक, आणि आपल्याकडचा बहादूर. माझे वडील, आप्पा, मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. एकदा त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, सगळी पानं चाळली आणि विचारलं, "यात सही कुणाची आहे?" दिवसभर पावत्या आणि खतावण्या बघणारा माणूस. कागद दिसला की त्याखाली सही शोधायची, ही त्यांची सवय. मी पहिल्या पानावरचं नाव दाखवलं: ली फॉक. "चित्रं यांनी काढली?" "नाही आप्पा, यांनी लिहिलंय." आप्पा थोडा वेळ बघत राहिले. चित्रांच्या पुस्तकात लिहिणाऱ्याची सही आहे, ही गोष्ट त्यांना पटली. मला तर त्या दिवशी पहिल्यांदाच समजली.

पुढं ली फॉकबद्दल मिळेल ते वाचत गेले. १९३४ला मँड्रेक, १९३६ला वेताळ, आणि १९९९मध्ये वारले तोवर दोन्ही लिहीत होते. चित्रकार बदलत गेले, रे मूर, विल्सन मॅकॉय, साय बॅरी, पण गोष्ट सांगणारा आवाज तोच राहिला. हा माणूस नाटकवाला होता. नाट्यगृहं चालवायचा, नाटकं बसवायचा. सांगलीच्या माणसाला हे कळलं की वेगळाच आनंद होतो. आमचं गाव नाटकाचं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच 'सीतास्वयंवर' उभं केलं. त्या खेळांत सूत्रधार पदं गाऊन आख्यान पुढं न्यायचा आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी बोलायची. गोष्टीचा सांगाडा एकाचा, त्यावरचं मांस दुसऱ्याचं.

मला हे फार जवळचं वाटतं, कारण चित्रकथेतही ही पद्धत आहे. १९६०च्या दशकात मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीत लेखक स्टॅन ली चित्रकाराला गोष्टीचा फक्त आराखडा द्यायचे. जॅक कर्बी किंवा स्टीव्ह डिटको त्यावरून पानंच्या पानं काढायचे, आणि मग त्या तयार चित्रांवर ली संवाद बसवायचे. मग लेखक नेमका कोण, हा वाद तेव्हा सुरू झाला तो आजही मिटलेला नाही. माझं मत कर्बींच्या बाजूनं आहे. पान कसं फुटणार, कोण कुठं उभं राहणार, मारामारी कितव्या चौकटीत सुरू होणार हे ज्यानं ठरवलं, त्यानं लिहिलंच आहे, मग हातात पेन असो की पेन्सिल.

मी स्वतः पूर्ण संहिता लिहिते, चौकटीगणिक. ती सवय मला गुरुजींनी लावली.

गुरुजी म्हणजे माझे चित्रकार. जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. १९९९मध्ये एका दिवाळी अंकासाठी मुलांची आठ पानी गोष्ट हवी होती. चित्रं त्यांची ठरली होती, लिहायला कुणी नव्हतं, आणि एका ओळखीच्या बाईंनी माझं नाव सांगितलं. तेव्हा मी एका पतसंस्थेत कारकून होते. दोन रात्री जागून लिहिलं आणि तासगावच्या एसटीनं घेऊन गेले. गुरुजींनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, मग कागद माझ्याकडे वळवून एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं होतं: "शंकर उठतो, पाणी पितो आणि दार उघडून बाहेर जातो."

"ताई, यातलं कुठलं काढू?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "उठताना काढू, का पाणी पिताना, का दार उघडताना? एका चौकटीत माणूस एकच काम करतोय. तुम्ही तीन सांगितलीत." मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर तीन चौकोन ओढले आणि मधला खोडला. "पाणी पिलेलं दिसलं न्हाई तर काय बिघडतंय का ओ? न्हाई ना? मग उठला, आणि दारात. मधलं वाचणारा भरून घेतोय की."

तो खोडलेला चौकोन अजून माझ्या डोळ्यापुढं आहे. चित्रकथा लिहिणं म्हणजे काय ते मला त्या कागदावर कळलं. शंकरनं पाणी प्यायलं, पण ते मी लिहायचं नाही आणि गुरुजींनी काढायचं नाही. ते वाचणाऱ्या पोरानं दोन चौकटींच्या मधे स्वतः पाजायचं.

पतसंस्थेत मी १९ वर्षं काढली आणि त्याच काळात सगळं लिहिलं. सकाळी दहा ते साडेपाच ठेवी, कर्जाचे हप्ते, थकबाकीच्या नोटिसा, रात्री नऊनंतर चौकटी. या काळात मला हार्वी पेकारबद्दल वाचायला मिळालं. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या सरकारी रुग्णालयात फायली लावणारा कारकून. चित्र येत नव्हतं म्हणून काड्यांची माणसं काढून त्यावर संवाद लिहायचा आणि चित्रकारांकडे द्यायचा. १९७६पासून स्वतःच्याच रोजच्या आयुष्यावर, नोकरीवर, दुकानातल्या रांगेवर चित्रकथा छापल्या, आणि नाव झाल्यावरही ती नोकरी सोडली नाही. हे वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी पतसंस्थेच्या जिन्यात मी वेगळ्या पावलांनी चढले. खोटं नाही सांगत.

लिहिण्याच्या बारीक गोष्टी सांगायला हव्यात, कारण त्या कुणी सांगत नाही.

पुस्तक छापतात ते फर्म्याच्या हिशेबानं. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणून गोष्ट सोळा नाहीतर बत्तीस पानांची. तेहतिसावं पान मिळत नाही. शेवट कितीही मोठा सुचला तरी त्याला पान ३२वरच बसायचं असतं. मग दुसरी गोष्ट, पान उलटण्याची. विषम आकड्याचं पान उजव्या हाताला येतं, सम आकड्याचं डावीकडे. वाचकाचा डोळा उजव्या पानावरच्या शेवटच्या चौकटीशी पोचला की हात पान उलटायला जातो. तेव्हा प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी आणि उत्तर डाव्या पानाच्या माथ्यावर. हे चुकवून उत्तर समोरच्याच पानावर ठेवलं, तर पोरं ते आधी बघतात आणि गोष्ट मरते. बाळूचा पिवळा ठिपका पान ९च्या शेवटी आहे तो त्यासाठीच. पान १०वर तो नाही.

आणि मग अक्षरं. इंग्रजी कॉमिक्सचे फुगे बहुतेक सगळे मोठ्या लिपीत लिहितात. सगळी अक्षरं एका उंचीची, ओळीला ओळ चिकटून बसते. आपल्या देवनागरीचं तसं नाही. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, ऋकार. दोन ओळींत जागा सोडावीच लागते. म्हणजे तेवढ्याच फुग्यात आपले शब्द कमी बसतात. माझा हिशेब असा की एका फुग्यात बारा-पंधरा शब्द, एका चौकटीत पंचविसाच्या वर नाही. त्यात स्वस्त कागद असला की शाई पसरते आणि 'उद्ध्वस्त'मधला 'द्ध्व' नुसता काळा डाग होतो. म्हणून मी लहान फुग्यात 'उद्ध्वस्त झालं' लिहीत नाही, 'मोडलं' लिहिते. बऱ्याचदा 'मोडलं'च चांगलं असतं. 'तो येत आहे' कधीच नाही, 'आला' किंवा 'येतोय'. जोडाक्षरांनी मला तोंडी भाषेकडे ढकललं, आणि माझी पात्रं त्यामुळंच सांगलीसारखं बोलायला लागली.

आवाजाची माझी एक वही आहे. लहानपणी वाचलेल्या भाषांतरांत आवाजसुद्धा भाषांतरित असायचे, 'बँग', 'थड'. मला ते तेव्हाही खटकायचं. मराठीत आवाजाला शब्द कमी आहेत का? घागर विहिरीत पडली तर डुबुक, दगड पडला तर धबाक, पोहणारं पोर पडलं तर धुबुक. वाळलेलं हळकुंड मोडलं की कट्ट वाजतं, आणि ओलसर असेल तर वाजतच नाही. अडतीत आप्पा हळकुंड कानाजवळ मोडून बघायचे. हळद पॉलिश करायचा ड्रम फिरतो तेव्हा घर्रळ-घर्रळ, घर्रळ-घर्रळ. हे शब्द गुरुजी चित्रातच रंगवतात, अक्षराचा आकार आवाजासारखा करून. 'कट्ट' दोन तुकड्यांत मोडलेलं काढलं होतं त्यांनी एकदा. मी ते पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

सगळ्यात जास्त जीव लावून केलेलं काम म्हणजे प्रतिसरकारवरची चित्रकथा. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, कुंडलची तुफान सेना, आणि ७ जून १९४३ला शेणोलीजवळ अडवलेली पगाराची रेल्वे. ही गोष्ट आमच्या भागात घराघरांत सांगतात. मला वाटलं, लिहायला किती वेळ लागणार. पण लेखात "त्यांनी गाडी अडवली" असं लिहून पुढं जाता येतं, चित्रात जाता येत नाही. चित्राला सगळं माहीत असावं लागतं. पायात वहाणा होत्या की अनवाणी? डोक्याला पटका की टोपी? दगड रुळांवर रचले तर उचलून आणले कशातून? गुरुजी रोज एक प्रश्न फोनवर विचारायचे आणि मी रविवारी उत्तर शोधत कुंडलच्या बाजूला फिरायची. एका घरात एका म्हाताऱ्या आजींनी, भूमिगतांना भाकरी फडक्यात कशी बांधून द्यायचे ते हातानं करून दाखवलं. गाठ उलटी मारायची, एका हातानं ओढली की सुटली पाहिजे. अंधारात खायची भाकरी ती. त्या गाठीला मी अख्खी एक चौकट दिली. फुगा नाही, निवेदन नाही. नुसते दोन हात आणि फडकं. त्या बत्तीस पानांतली माझी सगळ्यात आवडती चौकट तीच.

पैशाबद्दलही लिहिते. पहिल्या गोष्टीला मला पानामागं शंभर रुपये मिळाले. गुरुजींना तीनशे, आणि ते योग्यच होतं, कारण एक पान काढायला त्यांना दोन दिवस लागायचे. दर वाढत गेला, पण फक्त यावर घर चालेल अशी वेळ माझ्या आयुष्यात आली नाही. पाणलोटावर, साथीच्या रोगांवर, बचत गटांवर माहितीपर चित्रपुस्तिका लिहिल्या. ती कामं मी कमी मानत नाही. ठिबक सिंचन बत्तीस चौकटींत एका द्राक्षवाल्याला पटेल असं सांगणं ही अवघड गोष्ट आहे.

दुखलं ते एकदाच. माझ्या एका लोककथेच्या पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या, आणि दुसऱ्या आवृत्तीपासून लेखकाचं नाव गेलं. गुरुजींचंही. मुखपृष्ठावर फक्त प्रकाशनाचं नाव. मला कळलं ते एका मैत्रिणीच्या मुलाला शाळेत ते पुस्तक बक्षीस मिळालं तेव्हा. आप्पा तेव्हा होते. त्यांनी पुस्तक पुढून मागून उलटलं आणि काहीच न बोलता माझ्या हातात दिलं. सही नव्हती.

तेव्हा मी बिल फिंगरची गोष्ट कितीतरी वेळा वाचली. १९३९मध्ये बॅटमॅन आला तो बॉब केन यांच्या एकट्याच्या नावानं. त्याचा झगा, त्याचं रूप, पहिली गोष्ट, यात फिंगरचा हात होता, पण करारात तो नव्हता. १९७४ला तो गेला. त्याचं नाव अधिकृतपणे जोडलं गेलं २०१५मध्ये. ४१ वर्षं उशिरा.

मग मी कायदा वाचला. नव्यानं लिहिणाऱ्या मुलामुलींनी एवढं तरी लक्षात ठेवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाचच वर्षं धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. आणि कलम ५७ सांगतं की हक्क विकल्यानंतरसुद्धा 'हे मी लिहिलंय' असं सांगायचा अधिकार लेखकाकडेच राहतो. मी आता संहितेच्या पहिल्याच पानावर लेखन आणि चित्र, दोघांची नावं लिहून पाठवते आणि करारात ती तशीच घ्यायला लावते. दोनदा यावरून कामं गेली. जाऊ दिली.

२०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांपर्यंत गेली. धोक्याची पातळी ४५. आमचं गावभागातलं घर खालच्या मजल्यापर्यंत बुडालं, आणि त्याच मजल्यावर माझी लोखंडी ट्रंक होती. इंद्रजालचे अंक, आवाजाच्या दोन जुन्या वह्या, हातानं लिहिलेल्या सगळ्या संहिता. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तेव्हा आत एकच वीट होती, कागदाची. गुरुजी तासगावहून आले, बघितलं आणि म्हणाले, "ताई, चित्रं छापलीत की. तुमचं लिहिलेलं त्यातच हाय." त्या दिवशी मला ते पटलं नव्हतं. मला माझं अक्षर हवं होतं.

पेवाची गोष्ट तेव्हापासून डोक्यात आहे. हरिपूरला, संगमाच्या अलीकडे, जमिनीत पेवं होती. वर अरुंद तोंड, आत रांजणासारखी फुगलेली, वीसेक फूट खोल. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं ठेवली तरी किडत नसे. आप्पा तरुणपणी मालकाबरोबर पेव उघडायला जायचे. तोंडावरची माती आणि फरशी काढायची, हवा खेळू द्यायची, मग आधी कंदील सोडायचा. ज्योत तेवत राहिली तर माणूस उतरणार, विझली तर नाही. २००५च्या पुरात त्यातली बरीचशी पेवं पाण्यानं गेली. आप्पांना ते पुराच्या नुकसानीपेक्षा जास्त लागलं होतं. माणूस मेल्यासारखं ते पेवांबद्दल बोलायचे.

बाळूचे आबा उतरलेत. कंदील आधी सोडला होता, तेवत होता, म्हणून उतरले. आता पान ९ आहे.

काल संध्याकाळी गुरुजींनी पेन्सिलीतलं पान मोबाइलवर पाठवलं. चौकट मी सांगितली होती त्याहून अरुंद केलीय. बाळूची बोटं काठावर अशी रुतलीत की नखांत माती गेलेली दिसते, हे मी लिहिलं नव्हतं. खाली ठिपका. मी बराच वेळ बघत होते, तेवढ्यात फोन आला.

"ताई, एक विचारू का? रागावू नका."

"बोला की."

"तो 'आबा' काढला तर?"

मी परत पान उघडलं. फुगा बोटानं झाकून बघितलं. बाळूची पाठ, ती बोटं, अंधार, ठिपका. मग बोट काढून परत बघितलं. फुगा वर, पेवाच्या तोंडाशी होता, आणि नजर खाली जायच्या आधी तिथं थांबत होती.

"काढा," म्हटलं.

"बरं. पान १० कधी देताय?"